पोटाचा प्रश्न आणि पाण्याचा प्रश्न

गडमुडशिंगीहून गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत फार दूर नाही. तेथील फौंड्रीत ओतकाम करणाऱ्या तरुणास धुराविषयी विचारावे, तर तो बहुधा गप्पच बसेल. धूर त्यास आवडतो असे नव्हे. पण धूर थांबला तर चूलही थांबेल, अशी त्याची समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असे आम्हांस म्हणवत नाही. इचलकरंजीतील कापड रंगविणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा विषय निघाला, की पहिली ओरड मजुरांच्या नावाने होते. ओरडणारे बहुधा मजूर नसतात, ही गोष्ट निराळी.

श्रीमंत राष्ट्रांत हा पेच नाही, असा आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांचा समज आहे. तो खरा नाही. 2009 च्या मंदीत तेथील कारखाने मंदावले आणि त्यासरशी हवेत जाणारा कर्बवायूही घटला. माणसे घरी बसल्याने हवा सुधारावी, हा सौदा कोणत्या शहाण्यास पटेल? मुंबईच्या गिरणगावाने तो भोगला आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्यांची धुरांडी एकामागून एक विझली. आकाश निवळले, पण त्याखाली पुढे उभे राहिलेले मनोरे गिरणी कामगारांचे नव्हते.

जर्मनीतील रूर खोऱ्याची हकीकत मात्र मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचे, भुयारी गटारे टिकत नसत. म्हणून एम्शर ही अख्खी नदीच सुमारे शतकभर उघडे गटार म्हणून वापरली गेली. खाणी उत्तरेकडे सरकल्यावर 1992 मध्ये ती शुद्ध करण्याचे काम हाती घेण्यात आले आणि 2021 च्या अखेरीस तिच्यात सांडपाणी सोडणे थांबले. मध्यंतरी, 2007 मध्ये, दगडी कोळशाच्या खाणी 2018 पर्यंत बंद करण्याचे ठरले. अकरा वर्षांची ती मुदत कामगारांसाठी होती: वयस्कांस लवकर निवृत्तिवेतन, तरुणांस दुसऱ्या कामाचे शिक्षण. तरीही त्या खोऱ्यातील गेल्सेनकिर्शेन शहर बेकारीत जर्मनीत अग्रभागी राहिले, हे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. परंतु तेथील बेकारास भत्ता मिळतो. त्यामुळे नदीच्या बाजूने बोलताना त्यास मुलांच्या जेवणाची चिंता पडत नाही.

आमच्या कंत्राटी कामगारास असा आधार कोठे आहे? वास्तविक महाराष्ट्रास हा विचार परका नाही. 1972 च्या दुष्काळात लोकांच्या हातांस काम म्हणून पाझर तलाव आणि नाला-बांध झाले. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदाच झाला. पण तो खेड्यातील अंगमेहनतीपुरता राहिला. पंचगंगेत जाणारे सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे बांधणे व चालविणे, फौंड्रीतील वापरलेली वाळू पुन्हा उपयोगात आणणे, हीही कामेच आहेत आणि त्यांस शिकलेले हात लागतात. कारखाना बंद ठेवण्याचा हुकूम ज्या कागदावर निघतो, त्याच कागदावर त्या दिवसांची मजुरी कोणी द्यावयाची हेही शासनाने लिहावे, एवढीच आमची तूर्त मागणी आहे.