अकोल्यात राहतो, पण कोणत्या?

‘राहणे’ हे अकर्मक क्रियापद मुक्काम, कायमचे वास्तव्य आणि मागे उरणे या तिन्ही अर्थांनी चालते. ‘तो अकोल्यात राहतो’ म्हटले की त्याचे घरदार तिथे आहे. ‘पाऊस लागला म्हणून अकोल्यात राहिला’ यात एका रात्रीची वस्ती आहे, तर ‘भाऊ मुंबईला गेले, धाकटा अकोल्यात राहिला’ यात बाकीचे गेले आणि तो उरला.

हे अकोल्यात म्हणजे नेमके कुठे, ते मात्र वाक्य सांगत नाही. प्रवराकाठचे ते अकोले आणि विदर्भातला तो अकोला. विभक्तीचा प्रत्यय लागला की दोन्हींचे ‘अकोल्यात’च होते. म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या माणसाला परक्या मुलखात जिल्ह्याचे नावही जोडावे लागते. गंमत अशी, की विदर्भातल्या अकोल्यात हेच क्रियापद आणखी एका कामाला जुंपलेले आहे. वऱ्हाडीत ‘काय करून राहिला?’ म्हणजे ‘काय करतो आहेस?’ प्रमाण मराठीत ‘करत राहिला’ म्हणजे न थांबता करीत गेला.

जवळच्या क्रियापदांची हद्द वेगळी आहे. गाव वसते, सून नांदते. ‘हल्ली कुठे असता?’ या प्रश्नात पत्त्याबरोबर पोटापाण्याचीही चौकशी असते.

बोलण्यातली ‘राहणे’ची ही संदिग्धता कचेरीला परवडत नाही. अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातली अनेक कुटुंबे मजुरीसाठी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावकडे जातात. अशा माणसाचा पत्ता ‘रा. रतनवाडी, ता. अकोले, ह. मु. नारायणगाव, ता. जुन्नर’ असा लिहिता येतो. ‘रा.’ म्हणजे राहणार. रूप भविष्यकाळासारखे दिसते, पण अर्थ ‘राहणारा’, रहिवासी. ‘ह. मु.’ म्हणजे हल्ली मुक्काम. बोलताना दोन्हीकडे तो ‘राहतो’च, कागदावर मात्र गाव एकीकडे आणि बिऱ्हाड दुसरीकडे, असा चोख हिशेब लागतो.

लेखनात घोळ होतो तो ‘राहणे’ की ‘रहाणे’ असा. शासनमान्य नियमांनुसार ‘राहणे’ हेच रूप वापरायचे. आज्ञार्थात ‘राहा’बरोबर ‘रहा’ही चालते. अकोले तालुक्याच्या शेजारी, संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या क्रिकेटपटू अजिंक्य रहाणे यांचे आडनाव मात्र तसेच लिहायचे. विशेषनामाला हा नियम लागू नाही.