नियमशास्त्र आणि देहस्वभाव

देवाचे नियम चांगले आहेत हें मनुष्यास कळतें; मग ते त्याच्या हातून मोडतात कां? पौल प्रेषितानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ७ व्या अध्यायांत हाच झगडा मांडिला आहे. मन जें बरें म्हणून पत्करितें तें हातून घडत नाहीं, आणि ज्याचा वीट येतो तेंच घडतें.

आमच्या भिसेगांवाजवळील कर्जत स्थानकावर, बोरघाट चढण्यापूर्वीं, गाड्यांस मागून जादा इंजिनें जोडितात. घाटांत कांहीं ठिकाणीं चढ ३७ फुटांस १ फूट आहे. रुळांशेजारची पाटी तो चढ सांगते. गाडी मात्र ओढीत नाहीं. नियमशास्त्र ह्या पाटीसारखें होय. तें पाप दाखवितें. पापावर जय देत नाहीं.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत ह्याचें उदाहरण आहे. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नाहीं, हें त्यांस सुमारें आठ वर्षांनीं उमगलें. ख्रिस्तावर सर्व भार टाकिला तेव्हांच मनास शांति लाभली.

कृपा मिळाली म्हणून घाट सपाट होत नाहीं. चढावयाचा तोच मार्ग असतो. म्हणून आम्हीं पाटीस दोष देऊं नये, आणि स्वतःच्या बळावरहि विसंबूं नये.