विश्लेषण : पदवीसाठी महिला महाविद्यालयच हवे? वरोरच्या मुलीचे गणित काय सांगते?

बारावीचा निकाल लागला, की 'मुलींचे कॉलेज असेल तरच पुढे शिकवू' ही अट अनेक घरांत पुढे येते. डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावरील वरोरमध्ये ही अट पाळायची, तर मुलीला थेट मुंबई गाठावी लागते. त्यामुळे खरा प्रश्न महाविद्यालयाचा कमी आणि प्रवासाचा, मुक्कामाचा अधिक आहे.

जवळ कोणते पर्याय आहेत?

शेजारच्या चिंचणीत पी. एल. श्रॉफ कला व वाणिज्य महाविद्यालय आहे. विज्ञान शाखेसाठी पालघरचे सोनोपंत दांडेकर किंवा बोर्डीचे एन. बी. मेहता महाविद्यालय. ही सर्व सहशिक्षणाची आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न. महिला महाविद्यालय हवे असेल, तर पश्चिम रेल्वेवर विलेपार्ल्याचे मणिबेन नानावटी महाविद्यालय किंवा एसएनडीटी विद्यापीठाचे जुहू आणि चर्चगेट येथील परिसर गाठावे लागतात.

रोज ये-जा शक्य आहे का?

एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि हा विचार तरी करता येऊ लागला. मात्र विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच. वाणगाव ते विलेपार्ले एका बाजूचा प्रवास दोन तासांहून अधिक. त्याआधी वरोरहून वाणगाव स्थानक गाठायचे ते वेगळेच. एक लोकल चुकली, की दिवसाचे वेळापत्रक कोलमडते. वर्ग मुलींचा असला, तरी फलाट आणि रात्री वाणगावहून वरोरला परतण्याचा रस्ता मुलींचा नसतो. सुरक्षिततेसाठीच ही अट असेल, तर दुपारी घरी परतता येणारे चिंचणीचे सहशिक्षण अधिक सुरक्षित ठरू शकते. मुंबईतील महिला महाविद्यालय निवडायचे, तर वसतिगृहाची जागा आधी आणि प्रवेश नंतर, हाच क्रम शहाणपणाचा.

मग महिला विद्यापीठाचा फायदा काय?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले, ते मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्यासाठी. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचे नाव विद्यापीठाला मिळाले. वैधानिक मान्यता मात्र १९५१ मध्ये, म्हणजे ३५ वर्षांनी आली. आज तेथे कला, वाणिज्य, गृहविज्ञान यांच्यासह जुहूच्या उषा मित्तल संस्थेत अभियांत्रिकी आणि लीलाबाई ठाकरसी महाविद्यालयात परिचर्या शिकता येते. एवढे अभ्यासक्रम डहाणू-तलासरी भागात नाहीत. जायचे असेल तर अशा शिक्षणासाठी जावे, जी बी.ए. किंवा बी.कॉम. चिंचणीत होते, तिच्यासाठी मुंबईचा खर्च घेण्याआधी दोनदा विचार करावा.

प्रत्येक महिला महाविद्यालय एसएनडीटीचेच असते का?

नाही, आणि येथेच गफलत होते. मुंबईचे सोफिया महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. पुण्याचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय मुलींचे असूनही पुणे विद्यापीठाचे. पदवीवर विद्यापीठाचे नाव येते. शिवाय वर्षभराने चिंचणीत किंवा पालघरला परतायचे ठरले, तर विद्यापीठ बदलताना अभ्यासक्रम जुळवण्याची कटकट होते. विद्यापीठ कोणते, हे माहितीपुस्तिकेत आधी पाहावे.

शुल्क माफ, मग खर्च कुठे?

राज्य सरकारने २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि खासगी विद्यापीठांना ही सवलत नाही. साध्या बी.ए.ला हा निर्णय लागू नाही. खोली आणि जेवण त्यात नाही, आणि मुंबईत मोठा खर्च तोच असतो.

अनुसूचित जमातीच्या मुलींसाठी वेगळी वाट आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून मुंबईत वर्षाला ६० हजार रुपये बँक खात्यात मिळतात. डहाणू येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात याची चौकशी करता येते. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवलेला बरा. जून-जुलैत सेतू केंद्रावर गर्दी असते आणि प्रवेशफेरी कोणासाठी थांबत नाही.