लासलगावचा लिलाव

कांद्याचा भाव नेमका कुठे आणि कसा ठरतो ते एकदा डोळ्यांनी बघून या, असं संपादक म्हणाले आणि मी लासलगाव गाठलं. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं हे गाव मुंबई–भुसावळ लोहमार्गावर आहे. इथे सकाळी जो भाव फुटतो, तो बघता बघता देशभरच्या व्यापाऱ्यांच्या मोबाइलवर पोचतो.

बाजार समितीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. वऱ्हाडात कारंजाला १८८६ साली कापसाची नियंत्रित बाजारपेठ उभी राहिली. मुंबई प्रांताचा शेतमाल बाजाराचा कायदा १९३९ साली आला, लासलगावची समिती १९४७ साली स्थापन झाली आणि राज्याचा आजचा कायदा १९६३ सालचा. या सगळ्या खटाटोपामागचं कारण एकच होतं. पूर्वी कर्ज देणारा, माल मोजणारा आणि भाव ठरवणारा बहुतेकदा एकच माणूस असे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी सौदे होत आणि ज्याचा माल, त्यालाच भाव शेवटी कळे. तो रुमाल दूर करून सर्वांदेखत बोली लावायची, यासाठी बाजार समित्या आल्या.

ती उघड बोली बघण्यासारखी आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप आवारात ओळीने लागतात. शेतकरी ट्रॉलीचा फाळका उघडून माल दाखवतो. समितीचा कर्मचारी पुढे आणि व्यापाऱ्यांचा घोळका मागे, असे सगळे एकेका वाहनापाशी येतात. कुणी चार कांदे उचलून पत्तीचा रंग बघतं, कुणी मान दाबून माल किती सुकलाय ते पारखतं, तर कुणी आत हात घालून खालचा कांदा वर काढतं. बोली क्विंटलवर लागते. पुकारणाऱ्याच्या आवाजात घाई असते, पण गोंधळ नसतो. प्रत्येक आकडा तो मोठ्याने म्हणतो, म्हणजे घोळक्याच्या कडेला उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही तो ऐकू येतो. बोली थांबली की भाव आणि खरेदीदाराचं नाव चिठ्ठीवर चढतं आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. चार महिन्यांच्या पिकाचा आणि त्यानंतर चाळीत राखलेल्या उन्हाळ कांद्याचा निकाल एक-दोन मिनिटांत लागलेला असतो.

मला या पुकारणाऱ्या माणसाचं मोठं अप्रूप वाटलं. त्याच्या हातात कुठलंही यंत्र नाही. तरी त्याने आणखी दोन क्षण धीर धरला आणि क्विंटलमागे शंभर रुपये वाढले, तर पंचवीस क्विंटलच्या ट्रॉलीला अडीच हजार रुपये जास्त मिळतात. तो प्रत्येक भाव मोठ्याने उच्चारतो, म्हणून शेजारच्या ट्रॉलीला काय मिळालं हे कुणापासून लपत नाही. शेतकऱ्यासाठी ही फार मोठी राखण आहे.

काळजी वाटते ती पुढच्या टप्प्याची. लिलावानंतर ट्रॉली भुईकाट्यावर जाते आणि तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तिथे माल खाली होऊ लागला की कधी कधी ‘वांधा’ निघतो. वर दाखवलेला कांदा आणि खालचा कांदा सारखा नाही, असं व्यापारी म्हणतो आणि भाव कमी करायला सांगतो. कधी त्याचं म्हणणं खरंही असतं. पण त्या वेळी पुकारणारा तिथे नसतो, घोळका नसतो, दुसरा गिऱ्हाईकही नसतो. अर्धी ट्रॉली रिकामी झालेली असते. तो माल पुन्हा भरून परत लिलावात नेणं शेतकऱ्याला परवडत नाही. जे सर्वांदेखत ठरलं, ते दोघांतच मोडलं जातं.

त्यानंतर खळ्यावर प्रतवारी होते. गोळा, मध्यम आणि गोल्टी वेगळी काढून गोण्या भरल्या जातात. माल रेल्वेने, ट्रकने परराज्यांत जातो, न्हावाशेवा बंदरातून परदेशी जातो. वाटेत घट येते, भाडं लागतं, घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्याचा नफा चढतो. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ग्राहकाने कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातले सुमारे ३६ पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात. दुधात हाच वाटा ७० पैशांच्या आसपास आहे. दुधाच्या संकलनापासून पिशवीपर्यंतची साखळी बऱ्याच ठिकाणी उत्पादकांच्या सहकारी संघांच्या हाती आहे. कांद्याच्या शेतकऱ्याची मालकी मात्र खळ्याच्या दारात संपते.

यावर उपाय कमी सुचवले गेले नाहीत. २०१६ साली ई-नाम हा ऑनलाइन बाजार सुरू झाला. त्याच वर्षी राज्याने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. पण पडद्यावरून माल घेणाऱ्याला कांद्याची मान दाबून बघता येत नाही. प्रतवारीवर विश्वास बसत नाही तोवर दूरचा व्यापारी मोठी बोली लावणार नाही. थेट विक्रीत वाहतूक, उधारी आणि उरलेला माल या तिन्हींचा भार एकट्या शेतकऱ्यावर येतो. याच जिल्ह्यात मोहाडीला ‘सह्याद्री फार्म्स’ने द्राक्ष आणि टोमॅटो उत्पादकांची कंपनी उभारून निर्यात आणि प्रक्रिया आपल्या हाती घेतली. ते काम अभिमानास्पद आहे, पण त्यामागे भांडवल आणि वर्षानुवर्षांची शिस्त आहे. गावोगावी ते एका हंगामात होणारं नाही.

आणि बाजार कितीही सुधारला तरी भावाची एक दोरी दिल्लीत असते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आलं आणि पुढच्याच महिन्यात नाशिकच्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. शुल्क पूर्णपणे जायला एप्रिल २०२५ उजाडला. मधल्या काळात, एप्रिल २०२४ मध्ये, हमाली-तोलाईच्या कपातीवरून जिल्ह्यातले लिलाव पुन्हा थांबले. भांडण कुणाचंही असो, लिलाव बंद पडला की कांदा सडतो तो शेतकऱ्याच्याच चाळीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. उघड लिलाव मोडू नये, तो खळ्यापर्यंत न्यावा. वांधा निघाला तर समितीच्या माणसासमोरच निकाल व्हावा आणि प्रत्येक वांध्याची व्यापाऱ्याच्या नावानिशी नोंद राहावी. निर्यातीचं धोरण रोपं टाकण्याआधी जाहीर व्हावं आणि हंगामभर पाळलं जावं. यातली पहिली दोन कामं समितीचे संचालक उद्यापासून करू शकतात. त्यांना निवडून देणाऱ्यांनी पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला आधी वांध्यांची वही दाखवायला सांगावं.