घरच्या पालेभाजीचें मोल

पाहुणा येतांच पालेभाजीची कढई मागें सारून बटाट्याची भाजी वाढावयाची, हा अनेक घरांतील रिवाज होय. जें फुकट मिळतें त्यास मोल नाहीं, अशी त्यामागील समजूत. परंतु शरीराचा हिशेब बाजारभावानें चालत नाहीं.

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांतील चोरखमारा हें गांव तलावाच्या व नागझिऱ्याच्या जंगलाच्या सान्निध्यांत आहे. हा मुलूख भाताचा. भातानें पोट भरतें व कामाची शक्ति येते. परंतु पांढऱ्या सडीक तांदळांत अ जीवनसत्त्व मुळींच नसतें, आणि लोह व कॅल्शियम फार थोडें असतें. ही उणीव परसांतील मुनगा, माठ व आंबाडी आणि पहिल्या पावसानंतर उगवणारा कोंवळा तरोटा यांनीं पुष्कळशी भरून निघते. शंभर ग्रॅम गाईच्या दुधांत सुमारें १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तर तितक्याच मुनग्याच्या पाल्यांत ३०० हून अधिक. पालकाची कीर्ति मात्र त्याच्या गुणांहून मोठी आहे. त्यांतील ऑक्झॅलिक आम्लामुळें त्यांतलें कॅल्शियम शरीरास फारसें लाभत नाहीं.

ही उणीव क्षुल्लक नव्हे. अ जीवनसत्त्वाच्या अभावीं मूल दिवेलागणीस चांचपडूं लागतें, तोच रातांधळेपणा. लोहाच्या अभावीं रक्तक्षय होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांत तो आढळला. जी माता सर्वांस वाढून उरलेलें खाते, तिच्याच ताटांत भाजी अखेरीस पोंचते.

भाजी मिळूनहि तिचे गुण चुलीपाशीं वांया जातात. ती चिरण्यापूर्वीं धुवावी; चिरल्यावर धुतली असतां सत्त्व पाण्याबरोबर निघून जातें. आंबाडीचा आंबटपणा घालविण्यासाठीं तिचें पाणी ओतून देण्यापेक्षां ती तुरीची डाळ व तांदळाच्या कण्या यांत शिजवावी. म्हणजे आंबटपणाहि बेतांत राहतो. भाजी झांकून व थोडाच वेळ शिजवावी. चमचाभर तेल अवश्य घालावें, कारण पाल्यांतील ज्या केरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतें, तें स्निग्ध पदार्थाच्या साहाय्यानेंच अंगीं लागतें. वर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषलें जातें. जेवणाबरोबरचा चहा त्यास अडथळा करतो. पाला वाळवावयाचा तर सावलींत वाळवावा.

सहा महिन्यांनंतर बालकास नुसती पेज न देतां तींत डाळ व मऊ शिजविलेला पाला कुसकरून घालावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें मोठ्या माणसास रोज १०० ग्रॅम पालेभाजी सुचविली आहे. तीव्र रक्तक्षयावर मात्र एकट्या भाजीचा भरंवसा धरूं नये. आरोग्य केंद्रांतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच. भाजीचें कार्य रोग येण्यापूर्वींचें आहे. म्हणून ती पाहुण्यापासून लपवूं नये, आणि घरच्या माउलीस तर सर्वांच्या आधीं वाढावी.