ज्युरी बसण्याआधी मागितलेला कागद

ज्युरी म्हटलं की आपल्याला मुंबईतला 1959 चा नानावटी खटला आठवतो. तो फौजदारी होता. स्कॉटलंडमध्ये मात्र दिवाणी दाव्यालाही ज्युरी बसते, 1815 च्या कायद्यापासून आजपर्यंत. कामावर जखमी झालेला मजूर नुकसानभरपाई मागतो आणि एडिंबराच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये बारा सामान्य माणसं, एकमताने नाही तर बहुमताने, त्याला किती रक्कम द्यायची ते ठरवतात.

पण मजुराच्या बाजूचा पुरावा बहुधा दुसऱ्याच्याच कपाटात असतो: अपघाताची नोंदवही, यंत्राच्या देखभालीचे अहवाल. तो मिळवण्याची तिथली रीत मला फार विलक्षण वाटते. हव्या त्या कागदांची नेमकी यादी कोर्टापुढे ठेवायची. यादीतली प्रत्येक मागणी दाव्यात लिहिलेल्या एखाद्या म्हणण्याशी जोडलेली हवी. 'काही सापडतंय का बघू' म्हणून गळ टाकायला परवानगी नाही. अर्ज मंजूर झाला की गरज पडल्यास कोर्टाने नेमलेला कमिशनर बसतो आणि कागद बाळगणाऱ्याला शपथेवर विचारलं जातं: तो कागद तुमच्याकडे आहे? कधी होता? आता कुणाकडे असेल? बस, इतकंच. अपघात कुणाच्या चुकीने झाला, हे त्याला विचारता येत नाही. चौकशी माणसाची नाही, कागदाच्या प्रवासाची! कागद गोपनीय आहे असं त्याने म्हटलं, तर तो सीलबंद पाकिटात कोर्टाकडे जातो आणि कोर्टाने सांगितल्याशिवाय कुणी ते पाकीट उघडत नाही.

आता हाच अर्ज सुनावणी तोंडावर आली असताना केला तर? एकट्या न्यायाधीशापुढे दावा असेल तर अर्धा पुरावा आज, उरलेला काही महिन्यांनी, असं निभावता येतं. ज्युरीचं तसं नसतं. बारा माणसं आपापली कामं सोडून आलेली असतात. त्यांनी सगळं सलग ऐकायचं आणि ऐकलेलं ताजं असतानाच उत्तर द्यायचं. शिवाय त्यांच्यापुढचा प्रश्न आधीच लेखी ठरलेला असतो. उशिरा आलेल्या कागदामुळे दाव्याचं म्हणणंच बदललं, तर समोरच्याला उत्तराची तयारी करायला वेळ द्यावा लागतो आणि ठरलेली तारीख हातची जाते. म्हणून न्यायाधीशाचा पहिला प्रश्न साहजिकच असतो: हे आधी का मागितलं नाही?

हा कडकपणा मला रास्त वाटतो. मात्र कागद समोरच्यानेच दडवून ठेवला असेल, तर तारीख पुढे गेली तरी चालेल. तो कागद ज्युरीपुढे आलाच पाहिजे.