खारं पाणी आणि स्लॅबातली सळाख



पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा तुम्हांला नव्याने सांगायला नको. दर्यापूर, भातकुली, अकोट, मूर्तिजापूर या भागांतल्या कितीतरी विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. ओलिताला दिले तर जमीन खराब होते. हे आपण जाणतो. पण घर बांधायला काढले, की तेच पाणी काँक्रीटमध्ये बेधडक ओततो. “सिमेंटाले काय चव समजते?” मिस्त्री विचारतो. खरे आहे. चव सिमेंटाला कळत नाही; ती आतल्या सळाखीला कळते.

कशी, ते पाहू. सिमेंटात चुन्याचा गुण असतो. त्यामुळे सळाखीवर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर धरतो. हे लोखंडाचे चिलखत. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड ते ठिकठिकाणी भेदते. मग ओल आणि हवा मिळाली, की गंज सुरू! बरे, क्लोराइड या कामात खर्चीही पडत नाही. एक जागा पोखरली, की पुढच्या जागेला मोकळे. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. ती नसते, म्हणून काँक्रीट सळाखीच्या रेषेत तडकते आणि एक दिवस पोपडा खाली येतो. खाली कोणाची बाज असेल, शाळेत पोरांची रांग असेल.

हे दुखणे समुद्रकाठचे, असे समजू नका. पणजीचा मांडवीवरचा पूल १९८६ साली कोसळला, त्याच्या पोलादी तारा गंजल्या होत्या. समुद्र आपल्यापासून दूर आहे. पण मीठ आपल्या विहिरीतच आहे.

मग ओळखावे कसे? आधी पाणी तपासा. गुरुजी, परीक्षानळीत थोडे पाणी घ्या, विरल नायट्रिक आम्लाचे दोन थेंब टाका, मग सिल्व्हर नायट्रेटचे. दुधासारखा पांढरा साका आला, तर क्लोराइड आहे. (ही द्रव्ये मुलांच्या हाती देऊ नका.) किती आहे, ते प्रयोगशाळा सांगेल. भारतीय मानक ४५६ प्रमाणे सळाखीच्या काँक्रीटला लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही क्लोराइडची हद्द. सळाख नसेल तर २०००. म्हणजे भांडण सिमेंटाशी नाही, लोखंडाशी आहे.

घर बांधून झाले असेल, तर हातोडीने हलके ठोकून पाहा. बद्द, पोकळ आवाज आला, तर आत थर सुटला आहे. पण त्याच्याही आधी गंज ओळखता येतो. अभियंते सळाखीला तार जोडतात. दुसरी तार मोरचुदाच्या द्रावणात बुडवलेल्या तांब्याच्या कांडीला. ही नळी ओल्या काँक्रीटवर जागोजागी टेकवून विजेचा दाब मोजतात. आकडा उणे २०० मिलिव्होल्टपर्यंत उतरला नसेल, तर बहुधा धोका नाही. उणे ३५० च्याही खाली गेला, तर गंज चालू असण्याचा संभव दहांत नऊ. गंज किती झाला, हे मात्र यावरून कळत नाही. मोठ्या पुलांत तर बांधतानाच वेगवेगळ्या खोलीवर पोलादाचे तुकडे पुरतात. वरचा तुकडा गंजू लागला, की मीठ कुठवर पोचले ते खालच्या सळाखीच्या आधी समजते.

पण ही सारी नंतरची धावपळ. स्लॅब टाकण्याआधी बाटलीभर पाणी तपासायला पाठवा. खारे निघाले, तर गोड्या पाण्याचा टँकर आणा, आणि तराईलाही तेच पाणी वापरा. टँकरला पैसे पडतील. पण छत एकदाच पडते.